रेघ जुलैची, रंधा जानेवारीचा

मिरगाचा पाऊस लागला की पहिले आठ-दहा दिवस मालवणात कोणाला आतल्या दारांची आठवण होत नाही. गळकी कौलं, पागोळ्यांखाली ठेवायची भांडी, पडवीत ओढून घ्यायची लाकडं यांतच घर गुंतलेलं असतं. जून सरता सरता मेस्त्रींचा फोन वाजायला लागतो. धुरीवाड्यातून, कोळंबहून, आचऱ्याहून, कट्ट्याहून. तक्रार एकच: "मेस्त्रीनू, दार लागणा नाय." कोणाच्या माजघराचं दार, कोणाच्या देवघराशेजारच्या खोलीचं, कोणाच्या न्हाणीघराचं. पुढच्या दाराला कुलूप घालायचं असतं, त्यामुळे ते अडलं की त्याच दिवशी कोणीतरी बोलावलं जातं. आतल्या दाराला मात्र घरातली माणसं वर्षानुवर्षं खांद्याने ढकलतात, पायाने रेटतात, आणि तेही जमेनासं झालं की मग मेस्त्रींना फोन करतात.

मालवण आणि कट्टा यांच्या मधल्या एका गावात राहणारे हे मेस्त्री आता पासष्टीच्या पुढचे आहेत. 1973 साली, चौदाव्या वर्षी, ते चुलत्यांच्या हाताखाली रंधा धरायला शिकले. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला, त्याच वर्षी त्यांनी पहिली स्वतंत्र कामं घेतली. वासे, चौकटी, खिडक्या, पाळणे, पाट, देव्हारे, सगळं त्यांनी केलं. पण गेली वीस-बावीस वर्षं त्यांचा बहुतेक पावसाळा एकाच कामात जातो: अडलेली, लोंबलेली, घासणारी दारं. नवीन दार करणं त्यामानाने सोपं, असं ते म्हणतात. नवं दार फक्त सुताराच्या हातातलं असतं. जुन्या दाराला भिंत, जमीन, वाळवी, रंगारी आणि घरातल्या माणसांचा राग, सगळ्यांनी हात लावलेला असतो.

त्यांच्या हातून झालेली पहिली मोठी चूक याच कामातली होती आणि ती ते लपवत नाहीत. 1981 चा श्रावण. मसुऱ्याकडच्या एका घरात फणसाच्या फळ्यांचं माजघराचं दार चौकटीत रुतून बसलं होतं. तरुण मेस्त्रींनी बिजागऱ्या सोडवल्या, दार पडवीत आडवं घातलं आणि कडेवर रंधा चालवला. पिवळीजर्द सालपटं पायाशी जमली. दार पुन्हा चढवलं तेव्हा ते एका बोटाने लागलं. घरातल्या आजींनी चहा दिला, निघताना दोन नारळ हातात ठेवले. माघात पुन्हा बोलावणं आलं. दार आणि चौकट यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडली होती. कडी कोयंड्यापर्यंत पोहोचत नव्हती. आतल्या खोलीत सून बाळंतीण होती, पहाटेचा गार वारा फटीतून थेट तिच्या अंगावर यायचा, म्हणून आजींनी त्या फटीवर जुन्या लुगड्याची पट्टी खिळ्यांनी ठोकली होती. ती पट्टी पाहून मेस्त्रींना बोलवेना. आजी रागावल्या नाहीत. "तुका म्हायत नाय होता," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी त्या दाराला सरसाने नवी पट्टी जोडली, पैसे घेतले नाहीत. जुना फणस काळपट तपकिरी झालेला आणि जोडलेली पट्टी कोवळी पिवळी, त्यामुळे ती कितीतरी वर्षं लांबूनही उठून दिसायची. घरी येऊन त्यांनी चुलत्यांना सगळं सांगितलं. चुलते हातातलं काम न थांबवता म्हणाले, "लाकूड फुगला हा, वाढूक नाय."

त्या शब्दांचा अर्थ पुरता कळायला त्यांना आणखी काही पावसाळे लागले. लाकूड तोडून, वाळवून, चिरून, रंगवून झालं तरी ते हवेतलं पाणी घेत आणि सोडत राहतं. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांना टेकते. जानेवारीत ज्या दाराच्या लाकडात बारा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्याच दारात आषाढ-श्रावणात ते सोळा-अठरा टक्क्यांवर जाऊ शकतं. हे जास्तीचं पाणी तंतूंमध्ये शिरतं आणि लाकूड रुंदीत फुगतं. लांबीत जवळजवळ फुगतच नाही. खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने ते जितकं फुगतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीकडे फुगतं. म्हणून एकाच झाडाच्या दोन फळ्या, कशा चिरल्या त्याप्रमाणे, वेगवेगळ्या वागतात. सागासारखं शहाणं लाकूडसुद्धा, पाऊण मीटर रुंदीच्या उभ्या फळ्यांच्या दारात, पावसाळ्याभरात अर्धा सेंटिमीटर सहज वाढतं. चौकट मात्र तेवढीच राहते.

जुन्या सुतारांनी यावर उपाय काढला होता तो दिल्हेदार दाराचा. आज सगळे त्याला पॅनेलचं दार म्हणतात. उभ्या आणि आडव्या पट्ट्यांची एक चौकट करायची, पट्ट्यांच्या आतल्या कडांना खाच घ्यायची आणि मधली फळी त्या खाचेत नुसती बसवायची. तिला ना सरस ना खिळा. पावसात ती फळी खाचेतल्या खाचेत फुगते, थंडीत आकसते, बाहेर कोणाला पत्ता लागत नाही. दाराची रुंदी ठरते आडव्या पट्ट्यांच्या लांबीवर, आणि लांबीत लाकूड फुगत नाही. वाढतात त्या फक्त दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या, त्याही दोन-तीन मिलिमीटर. मेस्त्रींना ही गोष्ट सांगताना आजही आनंद होतो. ज्याने कोणी हे प्रथम शोधलं त्याने लाकडाशी भांडण न करता त्याला हलायला जागा दिली, असं त्यांचं म्हणणं. अलीकडे काही कारागीर फळी खडखडू नये म्हणून ती खाचेत चिकटवून टाकतात. मग पहिल्याच पावसाळ्यात एकतर पट्टीचे सांधे उघडतात नाहीतर थंडीत फळीच मधोमध तडकते.

चुलते मूळचे होड्यांचे कारागीर. सर्जेकोटच्या बाजूला त्यांनी बरीच वर्षं होड्यांचं काम केलं, नंतर गुडघे गेले तेव्हा ते घरांच्या कामाकडे वळले. दारांविषयीचं त्यांचं शहाणपण सगळं होडीवरून आलेलं. बरेच दिवस किनाऱ्यावर कोरडी पडलेली होडी पाण्यात लोटली की ती फळ्यांच्या सांध्यांतून पाणी घेते. नवखा माणूस घाबरतो. जाणता नुसतं पाणी उपसत राहतो, कारण फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि सांधे आपोआप आवळतात. होडीत ज्या फुगण्याची वाट पाहायची, त्याच फुगण्याने घरातलं दार अडतं. लाकूड दोन्हीकडे एकच. चुलते म्हणत, होडीवाल्याला धीर असतो, घरवाल्याला नसतो, म्हणून आपण दोघांचा धीर धरायचा.

तो धीर मेस्त्रींच्या कामात असा उतरला. पावसात बोलावणं आलं तरी ते जातात. पण पिशवीतून आधी रंधा निघत नाही. आधी ते दारासमोर उभे राहतात. मग घरच्यांना विचारतात: कधीपासून घासतं? गेल्या पावसात घासत होतं का? मधे रंग काढला? लादी घातली? घर बंद होतं? मग दार अगदी हळू लावतात, पुन्हा उघडतात, आणि कान देऊन ऐकतात. दार कुठे घासतं ते बहुतेक वेळा आवाजावरूनच कळतं. खात्री करायला चौकटीच्या कडेला रंगीत खडू फासायचा आणि दार लावून उघडायचं. दाराच्या ज्या भागावर खडू उमटला, तिथेच अडचण. "दार खय घासता ता आधी बघ, मगे हात लाव," हे चुलत्यांचं वाक्य ते हाताखालच्या पोरांना अजून तसंच ऐकवतात.

खडू कुठे उमटला यावर पुढचं सगळं अवलंबून. कडेच्या पूर्ण उंचीवर सारखा उमटला तर लाकूड फुगलं आहे. फक्त वरच्या कोपऱ्यात, कडीच्या बाजूला उमटला आणि त्याच बाजूला दाराचा तळही जमिनीला टेकत असला, तर लाकडाचा काही दोष नाही, वरची बिजागरी सैल झाली आहे. मेस्त्रींच्या अंदाजाने त्यांच्याकडे येणाऱ्या तक्रारींत अर्ध्याहून जास्त तक्रारी शेवटी बिजागरीच्याच निघतात. दाराचं सगळं वजन वरच्या बिजागरीला ओढत असतं. त्यात इथली खारी हवा. देवबागसारख्या गावात, जिथे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, लोखंडी स्क्रू चार-पाच वर्षांत गंजून बारीक होतो. साग, ऐन अशा लाकडांतल्या तुरट द्रव्याची लोखंडाशी गाठ पडली की स्क्रूभोवतीचं लाकूड काळंनिळं पडतं आणि हळूहळू भुसभुशीत होतं. मग स्क्रू कितीही पिळला तरी नुसता गरगर फिरतो.

अशा वेळी जाड स्क्रू ठोकणं हा सोपा मार्ग आणि तो बहुतेक वेळा चुकीचा. मेस्त्री भोक साफ करतात, त्यात टणक लाकडाची खुंटी सरस लावून ठोकतात, दुसऱ्या दिवशी कड सारखी करून त्यात नव्याने बारीक भोक पाडतात आणि पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू बसवतात. चौकटीत पुढे भक्कम लाकूड असेल तर एक स्क्रू लांब घेतात. बिजागरी घट्ट आहे आणि तरीही दाराचं नाक खाली झुकलेलं आहे असं दिसलं, तर खालच्या बिजागरीमागे पातळ पुठ्ठ्याची घडी घालतात. एवढ्याशा पुठ्ठ्याने दाराचा कडीकडचा कोपरा वर उचलला जातो. पाहणाऱ्याला हे जादूसारखं वाटतं. त्यात फक्त हिशेब आहे: बिजागरीपाशी एक मिलिमीटर सरकलं की लांबच्या कोपऱ्यात ते जाणवण्याइतकं होतं.

लाकूड खरोखरच फुगलं असेल, तर पावसात ते कडेवर मेणबत्ती नाहीतर कोरडा साबण घासून देतात, म्हणजे दार निदान हलतं ठेवता येतं. मग चौकटीला धरून दारावर पेन्सिलीने एक रेघ ओढतात, शेजारी महिना आणि वर्ष लिहितात आणि वहीत घराची खूण टिपून ठेवतात. रंधा डिसेंबर-जानेवारीत. लाकूड तेव्हा आकसलेलं असतं. तेव्हा सुकलेल्या दाराभोवती किती फट आहे आणि जुलैची रेघ कुठे आहे, हे दोन्ही समोर ठेवून किती काढायचं ते ठरतं. फटीसाठी त्यांच्या पिशवीत पूर्वीचं पाच रुपयांचं जाड नाणं असतं, अडीच मिलिमीटरच्या आसपास जाडीचं. कोरड्या दिवसांत ते नाणं कडेने वरपासून खालपर्यंत सरकलं पाहिजे. नव्या पद्धतीच्या मोजपट्ट्या त्यांच्याकडे आहेत, पण नाण्याची बोटांना सवय झाली आहे.

ही पद्धत लोकांना पटवणं सोपं गेलं नाही. जुलैत माणूस बोलावला, त्याने मेणबत्ती घासली, रेघ मारली आणि "जानेवारीत येतो" म्हणाला, तर घरच्यांना फसवल्यासारखं वाटतं. सुरुवातीच्या वर्षांत काहींनी दुसऱ्या सुताराला बोलावून त्याच दिवशी रंधा मारून घेतला. मेस्त्रींची कामं गेली. त्यांना ते लागलं, हेही ते सांगतात. पण ज्या घरी त्यांनी नाही म्हटलं, त्या घरांतली निम्मी माणसं थंडीत फटी घेऊन त्यांच्याकडेच परत आली. तरीही त्यांनी हे कधी सूड म्हणून सांगितलं नाही. काढलेलं लाकूड परत घालता येत नाही, एवढं समजावलं.

कामाच्या मोबदल्याचा प्रश्न मात्र त्यांना फार वर्षं छळत राहिला. तारकर्लीजवळच्या एका निवास-न्याहारीच्या घरी एका खोलीच्या दाराची कडी बसत नव्हती. पाहुणे तक्रार करत होते, मालकाला नवं दारच घालायचं होतं. मेस्त्रींनी पाहिलं तर दार दोन मिलिमीटर खाली उतरलं होतं आणि कडीची जीभ पत्र्याच्या भोकाच्या काठावर आपटत होती. त्यांनी कानस घेतली, भोकाचा खालचा काठ दोन मिलिमीटर घासला, वरच्या बिजागरीचे स्क्रू बदलले. अर्ध्या तासात काम संपलं. खाली सालपटं नाहीत, भुसा नाही, घाम नाही. मालकाने विचारलं, याचे काय द्यायचे? आणि मेस्त्रींना स्वतःलाच नेमका आकडा सांगता येईना. रंधा मारून ढीगभर सालपटं पाडली असती तर दुप्पट पैसे विनातक्रार मिळाले असते. त्या दिवसापासून ते बघायचे पैसे वेगळे सांगतात. आधी सांगतात, दारात उभं राहूनच सांगतात. त्यामुळे काहीजण फोन ठेवतात. पण जे बोलावतात ते त्यांना बघू देतात, घाई करत नाहीत. नेमकं बिघडलं काय हे शोधण्याचं काम हाताच्या कामाइतकंच मोलाचं असतं, हे मान्य व्हायला हवं. सुतारांच्या बाबतीत ते अजून होत नाही, हे खरं.

देवबागच्या अंगालाच आणखी एक घर होतं. वाळूवर उभं. तिथलं एक आतलं दार रात्री आपोआप उघडायचं. कडी नीट नव्हती, दार नुसतं लोटून ठेवायचे, आणि रात्री ते करकरत पूर्ण उघडायचं. घरात नुकतीच एक दुर्घटना झालेली, सगळी माणसं आधीच हादरलेली. देवाला गाऱ्हाणं घालून झालं होतं. मेस्त्रींना बोलावलं ते शेजाऱ्यांनी. ते हसले नाहीत. त्यांनी चौकटीच्या बाहीला ओळंबा लावला. वरपासून खालपर्यंत दोरा आणि लाकूड यांच्यातलं अंतर वाढत गेलं होतं. वाळूतला पाया एका अंगाने दबला होता, चौकट कलली होती, बिजागऱ्यांची रेषा उभी राहिली नव्हती, आणि दार उताराकडे जाणाऱ्या पाण्यासारखं उघडत होतं. घरातल्या बाईंना त्यांनी ओळंब्याचा दोरा स्वतःच्या हाताने धरायला दिला. त्यांनी खूप वेळ तो धरून ठेवला. मग मेस्त्रींनी वरच्या बिजागरीची खाच थोडी खोल केली, खालची थोडी बाहेर घेतली, दार जिथे सोडावं तिथे थांबू लागलं. पुन्हा गाऱ्हाणं घालायचं का, असं बाईंनी विचारलं. मेस्त्री म्हणाले, तुमची श्रद्धा तुमची, मला फक्त चौकटीचं कळतं. मात्र त्या घराच्या पायाकडे जाणकार माणसाने बघायला हवं, हे त्यांनी सांगितलं, दोनदा सांगितलं.

दोनदा सांगण्यामागे एक जुनी बोच आहे. नव्वदच्या दशकात एका बंद घराची डागडुजी चालू होती. मालक चार दिवसांसाठी आलेले, दार घासत होतं, त्यांना फक्त रंधा हवा होता. मेस्त्रींनी चौकटीवर पटाशीच्या मुठीने टकटक केलं तर एका बाहीतून पोकळ आवाज आला. वाळवीने आतलं लाकूड खाल्लं होतं आणि वर फक्त तेलरंगाचा पापुद्रा उभा होता. दार अडत होतं कारण चौकट वाकत होती. हे सांगितलं तर काम वाढणार, मालकाला राहायला दिवस नव्हते, आणि मेस्त्रींना त्या आठवड्यात पैशांची निकड होती. त्यांनी रंधा मारला, पैसे घेतले आणि गप्प राहिले. पुढच्या पावसाळ्यात ती बाही बिजागरीसकट सुटून आली. सुदैवाने तेव्हा जवळ कोणी नव्हतं. मेस्त्री नंतर ते घर टाळून दुसऱ्या वाटेने जात. शेवटी तीन वर्षांनी मालक आले तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं की मला ठाऊक होतं. नवी चौकट मजुरी न घेता बसवली. जांभ्याच्या चिऱ्याला टेकणाऱ्या बाजूला आधी डांबर फासलं, कारण चिरा पाणी ओढतो आणि ओलीमागोमाग वाळवी चढते. तेव्हापासून दाराच्या कामाला गेले की ते चौकट ठोकून पाहतात, आवाज बदलला की मालकाचं बोट धरून तिथे नेतात आणि त्यालाच ठोकायला लावतात.

आणखी एक दुखणं रंगाचं. त्यात रंगाऱ्याला बोल लावणं मेस्त्रींना पटत नाही, कारण सांगितलं तेवढंच तो करतो. दाराच्या दोन्ही बाजू चकचकीत रंगतात, कडाही रंगतात. माथा आणि तळ कोरे राहतात, कारण ते कोणाला दिसत नाहीत. आणि लाकूड पाणी सगळ्यात वेगाने पितं ते नेमकं तिथून, तंतूंच्या उघड्या टोकांतून. मेस्त्री एक छोटा हाताचा आरसा दाराखाली सरकवून तळ बघतात. कोरं लाकूड दिसलं की निम्मं निदान तिथेच झालं. न्हाणीघराच्या फ्लश दारांचं तर हेच होतं. वर गुळगुळीत प्लायवूड, आत लाकडी पट्ट्यांचा गाभा, आणि तळाला रंगाचा थेंब नाही. जमिनीवरचं पाणी वर चढतं, प्लायवूडचे पदर सुटतात, दार खालून पुस्तकासारखं उघडतं. मग त्याला दुरुस्ती नसते. जुन्या काळी इथे लाकडाला उंडीचं तेल चोळत, काजूच्या टरफलांचं तेल लावत, तेही कुठे दिसतं कुठे नाही याचा विचार न करता सगळ्या अंगांना.

लादीचं दुखणं वेगळं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर आधी कोबा आला, कोब्यावर लादी आली. प्रत्येक वेळी जमीन दीड-दोन इंच वर चढली आणि प्रत्येक वेळी दाराचा तळ कापला गेला. काही घरांत खालच्या आडव्या पट्टीचं, उभ्या पट्टीत शिरणारं कुसूच कापलं गेल्याचं त्यांनी पाहिलं आहे. कुसू गेलं की सांधा गेला, आणि दार तिरकं लोंबायला लागतं. मेस्त्री आता लादी घालण्याआधी बोलवा असं सांगून ठेवतात. क्वचित कोणी बोलावतं.

16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरून सरकलं. टाळेबंदीचे दिवस. माड, आंबे, फणस कोसळले, कौलं उडाली, कितीतरी गावं दिवसचे दिवस विजेविना होती. मेस्त्रींच्या स्वतःच्या घराची पडवी उघडी पडली. वादळ गेलं आणि दुसऱ्याच दिवशी मे महिन्याचं ऊन पडलं. लोकांनी भिजलेल्या गाद्या, कपडे, कागदपत्रं उन्हात टाकली, आणि त्यासोबत उतरवलेली दारंही. मेस्त्री सायकलवरून जमेल तेवढ्या घरी गेले आणि दारं सावलीत घ्या म्हणून सांगत राहिले. भिजलेलं दार उन्हात एका बाजूने झपाट्याने सुकतं, दुसरी बाजू ओलीच राहते, आणि दाराला पीळ बसतो. ते सावलीत, खाली सारख्या अंतरावर पट्ट्या घालून, आडवं ठेवायचं, वर वजन द्यायचं आणि रोज पालथं करायचं. पंधरा-वीस दिवस. त्या वेळी हे कोणाला ऐकायला सवड नव्हती आणि त्याबद्दल मेस्त्री कोणाला दोष देत नाहीत. डोक्यावर छप्पर नसताना दाराची काळजी कोण करणार? त्या वर्षी त्यांनी पीळ बसलेल्या चाळीसएक दारांच्या बिजागऱ्या हलवल्या. वरची बिजागरी थोडी पुढे, खालची थोडी मागे, पीळ दोन टोकांत वाटून टाकायचा. दार सरळ होत नाही, पण लागतं.

आणि मग चतुर्थी. मुंबईहून माणसं येतात, चार-सहा महिने बंद असलेलं घर उघडतात, आणि आतली सगळी दारं रुतलेली. गणपती उद्यावर. एका वर्षी एकाने माजघराच्या दाराला खांदा दिला आणि पणजोबांच्या काळच्या दाराची मधली फळी उभी चिरली. तो रडकुंडीला आला होता. मेस्त्रींनी ती फळी मागून पट्टी देऊन सांधली, आज जवळून पाहिलं तरच चीर कळते. पण चतुर्थीच्या बहुतेक फोनांना ते जात नाहीत. फोनवरच सांगतात: खिडक्या उघडा, पंखे लावा, चूल पेटवा, दोन दिवस घरात माणसं वावरू देत. घर नांदतं झालं की आतली हवा कोरडी होते आणि बरीच दारं तिसऱ्या दिवशी आपणहून सुटतात. हे सांगितल्याने त्यांचं ऐन हंगामातलं उत्पन्न बुडतं. बायकोने एकदा हे बोलूनही दाखवलं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पण फोनवर खोटं सांगणं त्या वाळवीच्या चौकटीनंतर त्यांना जमलं नाही.

मुलगा गोव्यात नोकरीला. हाताखाली एक पोरगा आहे, हुशार आहे, पण त्याचा ओढा तयार दारांकडे. प्लास्टिकमिश्रित दारं येतात, ती पावसात फुगत नाहीत, वाळवी त्यांना लागत नाही. मेस्त्री स्वतः न्हाणीघराला तीच सुचवतात. लाकडाचा हट्ट धरावा असं त्यांना वाटत नाही. सागही पूर्वीसारखा मिळत नाही, तोडायला परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. वाईट वाटतं ते जुनी दारं भंगारात जाताना. शंभर वर्षं वाळलेला फणस, दहा मिनिटांच्या बिजागरीच्या कामासाठी, बाजूला टाकला जातो.

गेल्या जानेवारीत ते चिंदरच्या एका घरी गेले. जुलैत तिथे माजघराचं दार घासत होतं. तेव्हा वरच्या बिजागरीला खुंटी मारली होती, कडेला मेणबत्ती घासली होती, आणि तरी थोडं घासत होतं म्हणून रेघ ओढून ठेवली होती. घरातल्या वहिनी विसरूनही गेल्या होत्या. "आता घासणा नाय, मेस्त्रीनू. उगाच कित्याक?" मेस्त्रींनी पिशवीतून नाणं काढलं. वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत ते सरकवत नेलं. ते कुठेही अडलं नाही, उलट मधे थोडं सैलच वाटलं. त्यांनी आरसा सरकवून तळ पाहिला, कोरा होता. वहिनींकडे उरलेला तेलरंग होता, तो मागून घेतला, दार उतरवून माथ्याला आणि तळाला दोन हात दिले, आणि ते वाळेपर्यंत खळ्यात बसून राहिले. संध्याकाळी दार चढवल्यावर जुलैची रेघ काचपेपरने पुसून टाकली. हाताखालच्या पोराने रंधा पिशवीतून काढून बाकावर ठेवला होता, तो तसाच परत आत गेला. वहीत त्या घरापुढे त्यांनी लिहिलं: पुढच्या आषाढात बघून येणे.